नगरसेवकाची कचेरी

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून मोर्चा कोणत्या पक्षाचा निघतो यापेक्षा तो येथूनच निघतो, ही गोष्ट या शहराच्या राजकारणाविषयी अधिक सांगून जाते. 1857 च्या उठावातील शिपायांना जेथे देहान्त शासन झाले तो काळा चबुतरा याच परिसरातला. ज्याच्या नव्या, भव्य रूपाचे अनावरण 2022 च्या फेब्रुवारीत झाले तो अश्वारूढ शिवरायांचा पुतळा येथलाच. आणि 9 ऑगस्ट 2016 रोजी मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा दिल्ली गेटजवळील विभागीय आयुक्त कार्यालयाकडे निघाला तोही येथूनच. आरंभ क्रांती चौकात आणि निवेदन दिल्ली गेटपाशी, असा शिरस्ताच पडून गेला आहे. या मोर्चांत पहिल्या रांगेत चालणारा नगरसेवक सर्वांना दिसतो. परंतु त्याचा खरा व्यवसाय, चौकाच्या पाठीमागील एखाद्या गल्लीत, शटर वर सरकवून उघडलेल्या दहा-बारा खुर्च्यांच्या कचेरीत चालतो, आणि मला पाहायचा होता तो हा व्यवसाय.

ज्यांच्या कचेरीत मी सकाळी जाऊन बसत असे ते गृहस्थ त्या वेळी माजी नगरसेवक होते. माजी म्हणजे पराभूत नव्हे. महापालिकेची मुदत 2020 च्या एप्रिलमध्ये संपली, निवडणूक लांबत गेली, आणि पाच वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने शहरात एकही नगरसेवक उरला नव्हता. लोकांनी मात्र या वस्तुस्थितीची दखल घेतल्याचे मला कोठे आढळले नाही. आठ वाजायच्या आत एक वयस्क बाई दारात उभ्या राहत आणि, "भाऊ, आमच्या गल्लीत आजही पाणी नाही आलं," असे नमस्काराच्या जागी म्हणत. मग भाऊ व्हॉल्व्ह उघडणाऱ्या लाइनमनला फोन लावीत, त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करीत, मोटार जळाली की वीज गेली हे विचारून घेत, आणि शेवटी, जणू सहज आठवले म्हणून, त्या गल्लीचे नाव घेत. या क्रमात कधी बदल झालेला मी पाहिला नाही. जायकवाडीचे पाणी पाइपांतून शहरात येते हे खरे. पण त्या गल्लीत ते कोणत्या तासाला पोहोचेल, हे अशा संभाषणावर बरेच अवलंबून असते, असे मला तेथे बसून वाटू लागले.

टेबलाच्या खणात रबरी शिक्का होता. त्यावरचे "नगरसेवक" ही अक्षरे आता निरुपयोगी झाली असल्याने रहिवासी दाखल्यासाठी आलेल्या मुलाला भाऊ दुसरीकडे पाठवीत. परंतु ड्रेनेज चोकअपची तक्रार आली, की लेटरहेडवर नावाच्या आधी शाईने "माजी" लिहून झोन कार्यालयाला पत्र देत, आणि त्याची पोच घेऊन ती फायलीत लावीत. पत्राने काम होत नाही, फोनने होते; मग पत्र कशासाठी, असे मी विचारले. "काम झालं नाही तर दाखवायला," ते म्हणाले. एवढ्या वर्षांच्या सार्वजनिक जीवनाचे सार इतक्या थोडक्यात सांगणारा मनुष्य मला विरळाच भेटला आहे.

आता या धंद्यातील अधिकार किती, ते पाहावे. 1949 च्या महानगरपालिका कायद्याने अंमलबजावणीची सत्ता आयुक्ताकडे दिली, आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. अडीच वर्षांचा महापौर सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवितो. पैशाच्या मंजुरीत जिचा शब्द चालतो ती स्थायी समिती सोळा जणांची, आणि तिचे निम्मे सभासद दर वर्षी निवृत्त होतात. याउलट इटलीत 1993 पासून नगराध्यक्ष थेट जनता निवडते आणि आपले सहकारी तो स्वतः नेमतो. म्हणूनच 2009 साली फ्लॉरेन्सचा नगराध्यक्ष झालेला मत्तेओ रेन्झी केलेल्या कारभाराचे भांडवल घेऊन 2014 साली पंतप्रधानपदी जाऊन बसला. आपल्याकडे कारभारच हाती नसल्याने भांडवल उरते ते ओळखीचे, आणि ते घेऊन वर चढायचे म्हणजे महापालिकेतून बाहेर पडायचे.

या शहराने ती वाट चांगलीच मळवली आहे. महापालिकेची पहिली निवडणूक 1988 साली झाली. शिवसेना सर्वांत मोठा पक्ष ठरूनही पहिले महापौरपद काँग्रेसचे शांताराम काळे यांना मिळाले. त्या पहिल्या सभागृहातील नगरसेवक चंद्रकांत खैरे 1990 साली आमदार झाले, पुढे मंत्री, आणि 1999 पासून सलग चार वेळा खासदार. 2019 साली इम्तियाज जलील यांनी त्यांना पाच हजारांहून कमी मतांनी हरविले. मोरेश्वर सावे आणि प्रदीप जैस्वाल यांनी महापौरपद व लोकसभा दोन्ही पाहिली. महापौर राहिलेले डॉक्टर भागवत कराड 2021 साली केंद्रात अर्थ राज्यमंत्री झाले. बाकी शेकडो जण मात्र गल्लीतच राहतात, आणि त्यांच्या कारकिर्दीचा निकाल पुष्कळदा मतदार नव्हे, तर आरक्षणाची सोडत लावते: वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला, की फलकावर सौभाग्यवतींचे छायाचित्र मोठे आणि यजमानांचे लहान होते, आणि कचेरीतील खुर्चीवर मात्र यजमानच बसलेले असतात. पन्नास टक्के आरक्षणाला याने बाध येतो असे म्हणावे, तर त्याच आरक्षणातून आलेल्या, आणि सभागृहात अधिकाऱ्याला अंदाजपत्रकाचे पान काढून दाखविणाऱ्या बायाही याच शहरात आहेत.

भाऊंना चिंता होती ती सोडतीची नव्हे, प्रभागाची. एका वॉर्डाला एक नगरसेवक ही 2015 ची रीत जाऊन आता चार वॉर्डांचा मिळून एक प्रभाग होणार होता. "चोकअपचा फोन मग चौघांपैकी कुणाला करायचा?" मी विचारले. "जो उचलेल त्याला," ते म्हणाले, आणि दारात उभ्या असलेल्या इसमाच्या हातातील अर्ज वाचू लागले. त्यावर तारीख नव्हती, म्हणून त्यांनी तो परत दिला.