कवळी बसेनाशी झाली

सकाळी ७:१५. वॉर्डात राउंड. बार्शीकडच्या मावशी रात्रीपासून उपाशी. तक्रार मात्र फक्त चहाची. वर्षभर त्यांची वरची कवळी बसत नव्हती, म्हणून दोनदा घासून आणली. खरं कारण टाळूवर, उजवीकडे मागच्या दाढांच्या जागेजवळ होतं: सुपारीपेक्षा मोठी, टणक, न दुखणारी गाठ. "डॉक्टर, मिसरीमुळंच ना?" तिसऱ्यांदा तोच प्रश्न. मिसरी सोडाच मावशी, पण ही गाठ तिची नाही. टाळूतल्या बारीक लाळग्रंथींतून उठलीय. सुईच्या तपासणीत निघालं प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा, म्हणजे साधी गाठ.

८:३०. सीटी पुन्हा पाहिला. हाडाला खळगा आहे, पण कड गुळगुळीत. दाबानं झिजलंय, पोखरलेलं नाही. कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथीपेक्षा या बारीक ग्रंथींच्या गाठींत कॅन्सर बराच जास्त निघतो, त्यामुळे सुईच्या एकट्या शब्दावर मी चालत नाही.

९:१०. भूल. नळी नाकातून, तोंड आम्हाला मोकळं. घशात पॅक, फळ्यावर ठळक 'पॅक आत'. ॲड्रेनॅलिन मिसळलेलं लिग्नोकेन टोचलं की काही मिनिटं थांबायचं. रेसिडेंट चुळबुळतात.

९:३५. ही गाठ मोह घालते. कड इतकी स्वच्छ की शेंगेतल्या दाण्यासारखी सोलून काढावीशी वाटते. निघतेही. फसगत तिथेच आहे, कारण टाळूवर तिचं कवच बहुतेकदा अपुरं असतं आणि तिचे कोंब त्याबाहेर डोकावतात. सोललेली गाठ कधी दहा-पंधरा वर्षांनी परत येते; तोवर सोलणाऱ्याची बदलीही झालेली असते. म्हणून भोवतीची सुमारे ५ मिलिमीटर निरोगी कड, वरचं आवरण आणि खाली हाडाला चिकटलेलं पेरिऑस्टियम, सगळं एकसंध उचलायचं. गाठ फुटू द्यायची नाही, चिमट्यात धरायचीही नाही. मागच्या कोपऱ्यात हाडाच्या छिद्रातून टाळूची धमनी येते. ती आधी शोधून बांधली. तुटून आत आखडली असती तर रक्त थांबवता थांबवता दुपार झाली असती.

१०:४०. नमुन्याला खुणेचे टाके, लांब पुढचा, आखूड बाहेरचा, मग फॉर्मॅलिनमध्ये. हाड शाबूत, पण उघडं. त्यावर आयोडोफॉर्मची पट्टी आणि वर मावशींचीच ती कवळी, आतून कोरून घेतलेली, टाळूच्या मध्यावर एका स्क्रूनं बसवलेली. आता मात्र घट्ट बसली. पॅक काढला, मोठ्यानं सांगितलं, फळा पुसला.

दुपार ओपीडीत गेली.

संध्याकाळी ५:३०. सूनबाई विचारतात, "भोक राहील का?" नाही. हाड आहे, नाकाशी वाट झालेली नाही. जखम टाक्यांविना खालून भरत येईल, चार-सहा आठवड्यांत. आठवड्यानं पट्टी बदलू, पॅथॉलॉजीचा रिपोर्टही तोवर येईल. थंड, पातळ खायचं, बीटाडाइनच्या हलक्या गुळण्या.

मावशींना बोलायला मनाई. त्यांनी दोन बोटांनी कप धरल्याची खूण केली.

"चालेल," म्हटलं, "पण थंड करून."

त्यांनी तोंड फिरवलं.