असईच्या रणांगणावरील बेगम समरूच्या पलटणी

जालना जिल्ह्यांत केळना व जुई या नद्यांच्या दुआबांत असई हें गांव आहे. ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांची फौज व आर्थर वेलस्ली यांची गांठ येथें पडली. शिंद्यांच्या कवायती पायदळांत पोलमनच्या पलटणींबरोबर सरधण्याच्या बेगम समरूच्याही पलटणी होत्या. ही बेगम पूर्वाश्रमीची नर्तकी, एवढें आवर्जून सांगितलें जातें. परंतु तिच्या पलटणी गोदावरीच्या खोऱ्यांत कां आल्या, याचा विचार क्वचितच होतो. तो येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तिचें मूळ नांव फरझाना. दिल्लीस नृत्यगायनावर निर्वाह करीत असतां वॉल्टर राइनहार्ट ऊर्फ समरू या युरोपीय सरदाराशीं तिचा संबंध जुळला. मेरठजवळील सरधण्याची जहागीर त्यास पलटणींच्या खर्चासाठीं होती. १७७८ मध्यें तो वारला, तेव्हां दुसऱ्या स्त्रीपासून झालेला त्याचा पुत्र हयात होता. तथापि फौजेनें बेगमेस मान्य केलें व बादशहा शहाआलमच्या दरबारानें जहागीर तिच्याकडेच ठेविली. १७८१ त तिनें आग्र्यास ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

विवाहामुळें तिला सत्ता लाभली, असें कोणी म्हणेल. परंतु १७९३ मध्यें लव्हासो या फ्रेंच अधिकाऱ्याशीं तिनें गुप्तपणें लग्न केलें, तेव्हां त्याच विवाहानें ती सत्ता जवळजवळ गेली. १७९५ त पलटणी उठल्या, लव्हासोनें आत्मघात केला व बेगम कैदेंत पडली. पूर्वी तिची चाकरी सोडून गेलेल्या जॉर्ज टॉमसनें तिला सोडविलें. यापुढें तिनें समरूचेंच नांव चालविलें. सत्तेचा खरा आधार पति नसून फौजेचा विश्वास आहे, हें तिनें ओळखलें होतें, असें आम्हांस वाटतें.

१७८४ पासून बादशाही कारभार महादजी शिंद्यांच्या हातीं आला. त्यामुळें सरधण्याची फौज शिंद्यांच्या चाकरींत आली, आणि दौलतरावांच्या वेळीं दक्षिणेंत उतरली. असईस तिच्या बहुतेक पलटणी सामानसुमानाच्या रक्षणास मागें ठेविल्या होत्या. इंग्रजांकडील पंधराशेंहून अधिक माणसें मेलीं वा जखमी झालीं. शिंद्यांच्या सुमारें शंभर तोफा गेल्या. परंतु बेगमेच्या या पलटणी बहुतांशीं सुरक्षित निघून गेल्या. तिकडे ११ सप्टेंबर रोजींच दिल्लीची लढाई होऊन उत्तरेंतील शिंद्यांचें बळ मोडलें होतें.

पुढें बेगमेनें इंग्रजांशीं जुळवून घेतलें. १८०५ च्या करारान्वयें सरधणा तहहयात तिच्याकडे राहिला. ता. २७ जानेवारी १८३६ रोजीं ती वारल्यावर कंपनीनें तो खालसा केला.

तेव्हां तिला केवळ नर्तकी वा कोणाची पत्नी म्हणून ओळखणें अपुरें आहे. सुमारें अठ्ठावन्न वर्षें जहागीर राखणाऱ्या या स्त्रीचें नांव असईच्या वृत्तांतांतही सरदार म्हणूनच घेतलें पाहिजे.