जिथं थांबले, तिथूनच पुढं

"एवढं चालून जायचंय तरी कुठं?" आईनं कराडहून फोनवर विचारलं होतं. मला काही उत्तर सुचलं नाही.

लग्न होऊन मी अमेरिकेत, न्यू जर्सीला आले. तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करता येत नसे. गाडीही चालवता येत नव्हती. घर आणि मुलगा, एवढंच. मुलगा कॉलेजला गेला आणि दुपार खायला उठली. शेजारीण म्हणाली, "शनिवारी डोंगरात येतेस का?" साल २०१४. मी पंचेचाळीशीची.

ती वाट म्हणजे अपालाचियन ट्रेल. दक्षिणेत जॉर्जिया, उत्तरेत मेन. मध्ये १४ राज्यं आणि सुमारे ३५०० किलोमीटरची डोंगरवाट. झाडांवर, दगडांवर पांढरे उभे पट्टे रंगवलेले, ते बघत चालायचं. एका दमात करणाऱ्यांना पाच ते सात महिने लागतात. संसारातल्या बाईला इतकी सुट्टी कोण देणार? पण इथली सोय मला फार आवडली. टप्प्याटप्प्यानं चाला, वर्षं कितीही लागू द्यात. पूर्ण करणाऱ्यांच्या यादीत मान सारखाच.

आम्ही डेलावेअर वॉटर गॅपपासून उत्तरेला निघालो. हे गाडीनं एका रस्त्यावर सोडायचे, संध्याकाळी पुढच्या रस्त्यावर घ्यायला यायचे. मुक्काम असला की तीन भिंतींच्या लाकडी निवाऱ्यात. पाठीवर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, डिंकाचे लाडू. न्यू जर्सीत अस्वलं पुष्कळ, म्हणून रात्री खाणं लोखंडी पेटीत ठेवायचं. तुपाच्या वासानं अस्वल येईल या भीतीनं पहिल्या रात्री मी जागीच! न्यू जर्सीचे ११५ किलोमीटर संपायला तीन वर्षं लागली.

मग पेनसिल्व्हेनिया. तिथली वाट म्हणजे नुसते दगड, तेही धारेवर उभे. २०१७ मध्ये विंड गॅपच्या पुढं पाय सटकला, मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आले तर हे म्हणाले, "पुरे आता." चिडून नव्हे, काळजीनंच. पण खरं सांगू? मलाही सुटल्यासारखं वाटलं. सगळं सामान माळ्यावर टाकलं.

त्या रिकाम्या दिवसांत एमा गेटवुडबद्दल वाचलं. ओहायोची शेतकरीण, ११ मुलांची आई. नवऱ्याचा मार खाऊन शेवटी घटस्फोट घेतलेली. १९५४ मध्ये ती या वाटेवर निघाली, पण चुकली, चष्मा फुटला, परत आली. पुढच्या वर्षी, वयाच्या ६७ व्या वर्षी, पुन्हा निघाली. कॅनव्हासचे बूट, घरी शिवलेली झोळी, पावसासाठी न्हाणीघराचा पडदा. आणि सगळी वाट एकटीनं चालली! १९५७ मध्ये पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा मात्र टप्प्याटप्प्यानं. ते १९६४ मध्ये पूर्ण झालं.

आईला हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "गोधडी कधी एका बैठकीत झालीय का गं? हात मोकळा झाला की घे पुन्हा."

ज्या आईनं "नवऱ्याला उपाशी ठेवून डोंगरात?" म्हणून मला रडवलं होतं, तीच ही.

टप्प्यानं चालणाऱ्यांचा एक शिरस्ता असतो. जिथं थांबलो, तिथूनच पुढं. मधली वाट गाळायची नाही. २०१८ च्या मे महिन्यात मी त्याच दगडांपाशी गेले. पांढरा पट्टा तसाच होता. पाय लटपटत होते. शेजारणीनं हात पुढं केला. मी नको म्हटलं आणि बसून, अक्षरशः घसरत, तो उतार उतरले. दिसायला अगदीच वाईट दिसलं असणार.

पेनसिल्व्हेनिया २०२३ मध्ये संपलं. ३५०० पैकी पाचशे किलोमीटरही झालेले नाहीत. माझ्या वेगानं उरलेलं होणं कठीणच. फ्रीजवर नकाशा लावलाय, त्यावर लाल स्केचपेननं रेघ ओढते.

आईला आता अंगणापर्यंतही काठी लागते. रविवारी फोन केला की तब्येतीचं विचारायच्या आत तीच विचारते, "रेघ कुठवर आली?"