पोटाचे दुभंगलेले स्नायू आणि चिनी उपचार

गर्भाच्या वाढीमुळे पोटाच्या मध्यरेषेवरील संयोजी ऊतीची पट्टी ताणली जाऊन दोन्ही बाजूंचे उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात, आणि हे अंतर सुमारे २ सेंटीमीटरहून अधिक राहिल्यास त्याला सामान्यतः स्नायुविलगता म्हणतात. पारंपरिक चिनी वैद्यक याकडे ‘ची’ म्हणजे प्राणशक्तीच्या क्षीणतेचे आणि कमरेभोवती आडव्या फिरणाऱ्या ‘दाय-माय’ या वाहिनीच्या शैथिल्याचे लक्षण म्हणून पाहते. चीनमधील रुग्णालयांत त्यासाठी नाभीच्या दोन्ही बाजूंना २ त्सुनवर (रुग्णाच्याच अंगठ्याच्या रुंदीवरून ठरणारे माप) असलेल्या ‘थ्येन-शू’ या बिंदूत सुया टोचतात. हा बिंदू नेमका उभ्या स्नायूवर येत असल्याने सुयांतून सौम्य विद्युत्प्रवाह सोडल्यास स्नायू आकुंचन पावतो, आणि हे स्पष्टीकरण वाहिन्यांच्या सिद्धान्ताविनाही पटण्याजोगे आहे. जोडीला ‘थ्वेना’ हे मर्दन आणि दवण्याच्याच प्रजातीतील एका वनस्पतीच्या जळत्या कांडीने दिलेला शेक असतो. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे अंतर बरेचसे आपोआप भरून येत असल्यामुळे, तुलनेसाठी उपचारविरहित गट नसलेल्या चाचण्यांतील यशाचे श्रेय सुयांना देणे घाईचे ठरते.