बोल्ट, रबर आणि तेल : मेटॅग रिंगर पुन्हा चालू करताना
लेखमाला : उघडून पाहिलेली यंत्रं – लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण शिवणयंत्र उघडलं. ते यंत्र त्या मानाने सुखी. कोरड्या खोलीत, चार थेंब तेलावर त्याच्या दोन-तीन पिढ्या निघतात. वॉशिंग मशीनच्या वाट्याला मात्र गरम पाणी, सोडा, वीज आणि हादरे एकदमच येतात. वर काठोकाठ पाणी, त्याच्या वीतभर खाली विजेची मोटर आणि शेजारी तेलात बुडालेले गिअर. पाणी, तेल आणि वीज यांनी एकमेकांना शिवायचं नाही, ही या यंत्राची मूळ अट. ती मोडली की मशीन अडगळीत जातं. जुनं मशीन दुरुस्त करणं म्हणजे ही अट ते पुन्हा पाळेल असं करणं.

हे समजून घ्यायला मी अमेरिकेतलं मेटॅग कंपनीचं रिंगर मशीन निवडलं आहे. रिंगर म्हणजे टबाच्या वर बसवलेले, कपडे पिळायचे दोन रबरी रोलर. जुनी वॉशिंग मशीनं वाचवणाऱ्या माणसांच्या हाती हे यंत्र नेहमी येतं, आणि ते इतकं मोकळेपणाने बांधलेलं आहे की शिकायला यापेक्षा चांगलं यंत्र मला माहीत नाही.

न्यूटन गावचं यंत्र

आयोवा राज्यातल्या न्यूटन गावी 1893 मध्ये फ्रेडरिक मेटॅग आणि त्यांच्या भागीदारांनी शेतीची अवजारं बनवायचा कारखाना काढला. कपडे धुण्याचं पहिलं यंत्र त्यांनी 1907 मध्ये आणलं. त्याचा टब लाकडी होता आणि ते हाताने फिरवायचं होतं. 1919 मध्ये कंपनीने अ‍ॅल्युमिनियमचा अखंड ओतीव टब बनवला. लाकूड कुजतं, पत्र्याला गंज चढतो. ओतीव अ‍ॅल्युमिनियमला यातलं काही होत नाही.

खरी उडी 1922 ची. तोवरच्या बऱ्याच यंत्रांत झाकणाला खाली लोंबणारे लाकडी खुंटे असत आणि ते कपड्यांना पाण्यातून ओढत फिरवत. मेटॅगकडच्या हॉवर्ड स्नायडर यांनी फिरवणारा भाग झाकणावरून काढून टबाच्या तळाशी नेला. आता कपड्यांना पाण्यातून ओढायचं नव्हतं, पाणीच जोराने कपड्यांतून जात होतं. कपडे कमी झिजू लागले, मळ लवकर निघू लागला. आजच्या वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये मधोमध जो पंखांचा खांब दिसतो, ज्याला अ‍ॅजिटेटर म्हणतात, तो याच कल्पनेचा वारस आहे.

त्या काळात अमेरिकेच्या खेड्यांत वीज नव्हती. 1930 च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. म्हणून मेटॅगने टबाखाली बसणारं छोटं पेट्रोल इंजिनही बनवलं. पायाने किक मारून ते सुरू करायचं आणि त्याच्या धुराची लवचीक नळी खिडकीबाहेर सोडायची. पुढे वीज आली की इंजिन काढून त्या जागी मोटर लावता येई. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची आहे. शक्ती देणारा भाग आणि काम करणारा भाग वेगळे, मधला सांधा उघडा. अशा रचनेमुळे यंत्राचं आयुष्य एका भागाच्या आयुष्याला बांधलेलं राहत नाही.

1942 मध्ये युद्धासाठी अमेरिकेत घरगुती वॉशिंग मशीनचं उत्पादन थांबलं. घरात असलेलं मशीन चालतं ठेवणं हाच मार्ग उरला आणि रबराच्या टंचाईत रोलर जपून वापरावे लागले. पुढे पूर्ण स्वयंचलित मशीनं घरोघर पोचली, तरी मेटॅगचं रिंगर मशीन 1983 पर्यंत बनत राहिलं.

घरी आणण्याआधी

अशी मशीनं तळघरात, धान्याच्या कोठारात, मागच्या व्हरांड्यात सापडतात. काहींच्या टबात माती भरून फुलझाडं लावलेली असतात. आणायचं की नाही, हे तिथेच उभं राहून ठरवता येतं.

आधी टब पाहावा. थंड मुलखात आत राहिलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि धातूला तडा जातो. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा तडा सांधणं हे कुशल वेल्डरचं काम आहे. टब एनॅमलचा असेल तर टवके पाहावेत. एनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर सुमारे 800 अंश सेल्सिअसला वितळवून बसवलेली काच. ती घरी पुन्हा चढवता येत नाही. इपॉक्सीने लहान टवका बुजतो, पण पत्रा आरपार गंजला असेल तर तो टब गेलाच.

मग अ‍ॅजिटेटर वर उचलून पाहावा. पुष्कळदा तो दांड्यावर घट्ट बसलेला असतो, कारण अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात शेजारी राहिले की दोन धातूंच्या मध्ये क्षार साचून ते जखडतात. इथे पहार घालणं म्हणजे वाचवायला आलेली वस्तू आपणच फोडणं. गंज सोडवणारं तेल सोडावं, ते मुरू द्यावं, टबात कढत पाणी ओतावं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं; मग दोन्ही बाजूंनी सारखा जोर लावून हलकेच हलवत राहावं. एका दिवसात निघाला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

तिसरी गोष्ट म्हणजे नावाची पट्टी. तिच्यावरचा मॉडेल आणि अनुक्रमांक शाबूत असेल तर योग्य भाग शोधणं सोपं होतं. रंग काढताना ही पट्टी घासू नये.

तेल काय सांगतं

टबाखालच्या गिअरच्या पेटीत सगळ्या यंत्राचा जीव असतो. मोटर एकाच दिशेला गरगर फिरते. अ‍ॅजिटेटरला मात्र अर्धा फेर पुढे, अर्धा फेर मागे असं फिरायचं असतं. हा बदल पेटीतले गिअर तेलात बुडून करतात. वरच्या रोलरकडे जाणारी गतीही याच पेटीतून निघते.

पेटी उघडण्याआधी तेल एका स्वच्छ भांड्यात काढून नीट पाहावं. तेल नुसतं काळं असेल तर ते म्हातारं झालं आहे, एवढंच. त्यात धातूचा बारीक चुरा चमकत असेल तर गिअर किंवा बुश झिजले आहेत. आणि तेल दुधाळ, पांढुरकं झालं असेल तर त्यात पाणी शिरलं आहे, म्हणजे दांड्याभोवतीचं सील गेलं आहे. अशा पेटीत नुसतं नवं तेल भरून उपयोग नाही; आधी सील बदलायचं, आतला गंज काढायचा, मग तेल.

मेटॅगच्या पेटीचं मला जे अप्रूप वाटतं ते इथे आहे. ती बोल्टने बंद केलेली आहे. बोल्ट काढले की ती उघडते, गॅस्केट बदलून तेच बोल्ट आवळले की पुन्हा बंद होते. ज्याने ती आखली त्याला ठाऊक होतं की एक दिवस कोणीतरी ती उघडणार आहे, आणि त्या माणसासाठी त्याने वाट ठेवली.

उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्यावा, बोल्ट ज्या भोकातून निघाला त्याची खूण करून वेगळ्या डबीत ठेवावा. पत्र्याच्या चकत्यांची संख्या आणि क्रम लिहून ठेवावा. एक चकती इकडची तिकडे झाली तरी दांडा घासू लागतो.

रबर आधी म्हातारं होतं

अशा यंत्रात लोखंड क्वचितच हरतं. हरतं ते रबर. नळ्या कडक होऊन तडकतात, सील आक्रसतं, मोटरखालच्या गाद्या चुरा होतात. जुनं मशीन दिसायला कितीही चांगलं असलं तरी हे सगळं बदलायचं असं धरूनच काम सुरू करावं.

पट्ट्याची चिंता नसते. मोटर आणि गिअरच्या पेटीमधला व्ही-बेल्ट साध्या मापाचा असतो. जुना बेल्ट ताणलेला असल्याने माप त्याच्यावरून न घेता दोन पुल्यांवर दोरी गुंडाळून घ्यावं आणि दुकानात तसा बेल्ट मागावा.

रोलरचं दुखणं वेगळं. काम झाल्यावर दोन्ही रोलरांवरचा दाब सैल करायचा असतो. कोणीतरी तो न सोडताच मशीन ठेवून दिलं, तर वर्षानुवर्षं एकाच जागी दाबलं गेलेलं रबर चपटं होतं. मग कपडा पिळताना धक्के बसतात आणि पाणी सारखं निघत नाही. चपटेपणा थोडा असेल तर लेथवर घासून गोलाई आणता येते. जास्त असेल तर आतला पोलादी दांडा ठेवून त्यावर नवं रबर चढवून घ्यावं लागतं. छापखान्यांच्या रोलरवर रबर चढवणारे कारागीर हे काम करू शकतात.

धातूच्या सफाईतही घाई घात करते. अ‍ॅल्युमिनियमच्या टबावर साचलेला पांढरा थर क्षारांचा असतो. तो पातळ व्हिनेगरने सुटतो. त्यावर कॉस्टिक सोडा कधीही वापरू नये. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातो आणि गुळगुळीत पृष्ठभागावर कायमचे खड्डे पाडतो. बाहेरचा जुना रंग कोरडा घासू नये, कारण त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं.

वीज आणि हात

जुन्या तारांवरचं रबर बोटाने दाबलं तरी गळून पडतं. शिवाय कित्येक मशीनांना अर्थिंगच नसतं. ओल्या फरशीवर उभं राहून पाण्याने भरलेल्या धातूच्या टबात हात घालायचा आणि त्याला अर्थिंग नाही, ही कल्पनाही करू नये. सगळी तार नवी घालावी, तीन पिनांचा प्लग लावावा, मोटर आणि सांगाडा दोन्ही अर्थिंगला जोडावेत, गळती होताच वीज तोडणारा स्विच मागे असावा. विद्युतरोधन मेगरने मोजल्याशिवाय मोटरला वीज देऊ नये. मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, असं झालं तर ती जळाली असं लगेच ठरवू नये. पुष्कळदा आतल्या स्टार्टिंग स्विचचे संपर्कबिंदू काळवंडलेले असतात आणि साफ केल्यावर ती चालू होते.

अमेरिकेतून असं मशीन भारतात आणायचा कोणाचा विचार असेल तर आणखी एक मुद्दा. तिथली मोटर 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरवता येतात, हर्ट्झ बदलत नाहीत. आपल्या 50 हर्ट्झवर ती मोटर साधारण एकषष्ठांश हळू फिरेल आणि जास्त तापेल. तेव्हा जुनी मोटर जपून ठेवावी आणि त्याच वेगाच्या जवळची, आपल्या विजेवर चालणारी मोटर बसवावी. काढलेला मूळ भाग फेकायचा नाही, हा या कामातला शिरस्ताच आहे.

आणि हात. रिंगरमध्ये बोटं, केस, पदर, बाही काहीही ओढलं जाऊ शकतं. अमेरिकेत लहान मुलांचे हात रोलरमध्ये सापडून होणाऱ्या जखमा इतक्या नेहमीच्या होत्या की डॉक्टरांनी त्यांवर वैद्यकीय लेख लिहिले. म्हणून रोलरवर एक दांडी असते. ती ढकलली की दाब एकदम सुटतो. मशीन चालवण्याआधी ही दांडी जुन्या टॉवेलवर पुन:पुन्हा तपासावी. ती चालत नसेल तर मशीन चालू झालं असं म्हणूच नये, मग ते कितीही चकचकीत दिसो.

वापरणारे असले की भाग मिळतात

कोलोरॅडोतल्या ईटन गावी ली मॅक्सवेल या निवृत्त प्राध्यापकांनी हजाराहून अधिक जुनी वॉशिंग मशीनं जमवून त्यांचं संग्रहालय उभं केलं. हरवलेले भाग नव्याने बनवून त्यांनी मशीनं पुन्हा चालती केली. असा माणूस एखादाच.

मेटॅग रिंगरला मात्र आणखी एक आधार मिळाला. ओहायो आणि पेनसिल्व्हेनियातले आमिश लोक धर्मश्रद्धेमुळे सार्वजनिक वीज घरात घेत नाहीत. त्यांच्या कित्येक घरांत आजही हे मशीन छोट्या इंजिनावर किंवा दाबाच्या हवेवर चालतं. एकदा भरलेल्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी शेतातले कपडे, असा धुण्याचा क्रम तिथे टिकून आहे. रोज वापरणारी घरं आहेत म्हणून सील, रोलर, नळ्या विकणारे आहेत, आणि दुरुस्त करणारे हातही आहेत. मेटॅग कंपनी 2006 मध्ये व्हर्लपूलकडे गेली, न्यूटनचा कारखाना 2007 मध्ये बंद झाला. तरी मशीन चालतं आहे.

आपल्यासाठी यात धडा आहे. आजच्या समोरून दार असलेल्या कित्येक मशीनांत प्लॅस्टिकच्या टबाचे दोन अर्धे कायमचे सांधून टाकलेले असतात. आतलं छोटं बेअरिंग गेलं की अख्खा टब बदलावा लागतो. तो इतका महाग पडतो की माणूस नवं मशीनच घेतो. मेटॅगच्या पेटीवर जिथे बोल्ट होते, तिथे आता सांधा आहे. ही प्रगतीची अपरिहार्य किंमत नव्हे, कारखान्यात घेतलेला निर्णय आहे, आणि निर्णय बदलता येतात. युरोपीय संघाने मार्च 2021 पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग किमान 10 वर्षं मिळत राहतील असं बंधन कंपन्यांवर घातलं. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं.

नवं मशीन घेताना आपण किलो, फेरे आणि सवलत विचारतो. यापुढे आणखी तीन प्रश्न विचारावेत : टब उघडतो का, बेअरिंग आणि सील सुटं मिळतं का, आणि किती वर्षं मिळेल? दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल तर ते कंपनीकडून मागवावं. पुरेशा गिऱ्हाइकांनी हे विचारलं तर बोल्ट परत येतील, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या लेखांकात : टबाखालचं ते छोटं पेट्रोल इंजिन उघडू आणि दोन स्ट्रोकमध्ये त्याचं काम कसं चालतं ते पाहू.