२.४ इंग्रजी यादीतील अखेरचा स्वल्पविराम

इंग्रजीत तीन किंवा अधिक घटकांची यादी देताना घटकांमध्ये स्वल्पविराम देतात, हे आपणास ठाऊक आहे. अखेरच्या घटकाआधीच्या 'अँड' किंवा 'ऑर'पूर्वी तो द्यावा काय, याविषयी मात्र एकमत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनांत तो देण्याची प्रथा असल्याने त्यास 'ऑक्सफर्ड कॉमा' म्हणतात. अनेक वृत्तपत्रे तो गाळतात. मराठीत 'व', 'आणि' यांपूर्वी तो सहसा देत नाहीत आणि त्याच सवयीने आपण इंग्रजी लिहितो.

उदाहरण : अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात, जादा कामाचे दीडपट वेतन कोणत्या कामांना लागू नाही, याची यादी होती. तिच्या अखेरीस 'ऑर'पूर्वी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी वेष्टन करणे' हे एकच काम अभिप्रेत आहे, की 'पाठवणीसाठी वेष्टन करणे' आणि 'वितरण करणे' ही दोन कामे, असा प्रश्न उद्भवला. एका दुग्धव्यवसाय कंपनीचे वाहनचालक माल पोहोचवीत, वेष्टन करीत नसत. पहिला अर्थ घेतल्यास ते जादा वेतनास पात्र ठरत होते. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने निर्णय दिला. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरांवर तडजोड झाली. दरम्यान विधिमंडळाने ती यादी अर्धविराम घालून नव्याने लिहिली.

विवेचन : वरील दोन्ही अर्थ मराठीत मांडताना संदिग्धता उरली नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. 'साठी' हे शब्दयोगी अव्यय कोणत्या शब्दास जोडले आहे, यावरून अर्थ निश्चित होतो. इंग्रजीत 'फॉर' आधी येते. त्याचा अंमल कोठवर चालतो, हे पुष्कळदा विरामचिन्हच सांगते. म्हणून इंग्रजीत विरामचिन्ह हा केवळ थांबा नसून अर्थाचा घटक आहे.

लक्षात ठेवा :
१. संपूर्ण लेखनात एकच पद्धत पाळावी.
२. संदिग्धता टळत असेल, तेथे अखेरचा स्वल्पविराम अवश्य द्यावा.
३. तरीही संदेह राहिल्यास चिन्हावर विसंबू नये, वाक्यरचना बदलावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न
'माझा भाऊ, एक वकील आणि मी उपस्थित होतो' या वाक्याचे इंग्रजी भाषांतर करा. अखेरचा स्वल्पविराम दिल्यानंतर उपस्थितांची संख्या निश्चित होते काय? नसल्यास ती स्पष्ट होईल अशा रीतीने वाक्य पुन्हा लिहा.