प्रकल्प कोणासाठी?

कोल्हापूरहून हुपरीच्या वाटेला लागले म्हणजे गडमुडशिंगी येते. जवळच उजळाईवाडीचा विमानतळ, थोडे पलीकडे गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, आणि त्याच गोकुळ शिरगावात १९८३ साली स्थापन झालेले कोल्हापूर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. शेत, कारखाना आणि महाविद्यालय ही तिन्ही येथे सायकलीच्या टप्प्यात आहेत. असे असूनही या टापूतल्या अनेक घरांतून एक तक्रार ऐकू येते. कारखानदार म्हणतो, "पोराला पदवी आहे, पण काम येत नाही." पोरगा म्हणतो, "मला काम कोणी दाखवलेच नाही." दोघेही खरेच बोलतात. तेव्हा घोडे नेमके कोठे पेंड खाते, याचा विचार आज आपण करू.

आपल्या भागाने यंत्रविद्या प्रथम हाताने मिळवली. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात स्वतःचा चित्रपटाचा कॅमेरा बनवला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या तंत्रशाळेतील शिक्षकाची नोकरी सोडली, लोखंडी नांगर केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन बिघडते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याला तो नांगर पटवताना त्यांना फार चिकाटी धरावी लागली. म्हणजे कारागिराची खरी परीक्षा घेतली ती गरजवंताने. पुढे उद्यमनगरातल्या मेस्त्रींच्या हाताखाली पिढ्या तयार झाल्या. त्या शिक्षणात 'कसे करावे' हे पक्के होई. 'असे का होते' हे पुष्कळदा राहून जाई. आजच्या महाविद्यालयात नेमके उलट घडते. या दोहोंची गाठ जेथे पडायची ती जागा म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रकल्प.

तो प्रकल्प आज पुष्कळ ठिकाणी कसा होतो? विषय विद्यार्थी आपसांत ठरवतात, परीक्षक अर्धा तास पाहतात, गुण पडतात आणि जाड बांधणीचा अहवाल कपाटात जातो. काही जण तर बाजारातून तयार प्रकल्प विकत आणतात. तो विकत आणता येतो याचे कारण असे की, तो बिघडला तरी कोणाचे काही अडत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे : ज्या प्रकल्पावर कोणाचे तरी काम अडलेले आहे, तोच विद्यार्थ्याला तयार करतो.

आपल्याच फौंड्रीचे उदाहरण घेऊ. वाळू, बेंटोनाइट माती आणि पाणी यांचा साचा करून त्यात सुमारे १३५० ते १४०० अंश सेल्सिअस उष्णतेचे बीड ओततात. वाळूत साधारण तीन-चार टक्के ओल लागते. ओल वाढली तर तिची वाफ होते, ती वाफ बाहेर पडली नाही तर कास्टिंगमध्ये पोकळी राहते. ओल कमी पडली तर साचा ढासळतो आणि वाळूचे कण धातूत शिरतात. असे नग नापास होतात. ते पुन्हा वितळवता येतात हे खरे, पण वीज, मजुरी आणि वेळ गेला तो गेलाच.

समजा, एका कारखान्यात नापास नग वाढले आहेत. विद्यार्थ्यांच्या गटाने तेथे जाऊन काय करावे? आधी मोजावे. कोणता नग, कोणत्या पाळीत, कोणत्या जागी दोष, त्या दिवशी वाळूची ओल किती, धातू किती तापलेला, हे रोज वहीत उतरावे. महिन्याभराने दोष कशाच्या पाठोपाठ येतो हे दिसू लागते. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी; दोन एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला हे कळत नाही. संगणक शाखेच्या विद्यार्थ्यालाही येथे काम आहे. ती वही मेस्त्रीला सहज भरता येईल अशा रीतीने यंत्रावर आणणे ही साधी गोष्ट नव्हे. मराठीत विचारलेला एक प्रश्न चुकीच्या ठिकाणी ठेवला, तर वही कोरी राहते.

या कामात विद्यार्थी जे शिकतो ते पुस्तकात सापडत नाही. तीस वर्षे भट्टीपाशी उभ्या असलेल्या मेस्त्रीला मान देऊन विचारायला तो शिकतो. ठरल्या तारखेला ठरलेले काम हाती द्यायला शिकतो. कारखान्याचे गुपित बाहेर न बोलणे, सुरक्षेचे नियम पाळणे, दोन पानांत नेमके लिहिणे हे सारे शिकतो. आणि "आम्ही केलेल्या बदलाने फरक पडला नाही" असे आकड्यांनिशी सांगायलाही शिकतो. धंद्यात माणसावर विश्वास बसतो तो याच गुणाने.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली २७ विद्यार्थी घेऊन आळीपाळीने वर्ग आणि कारखाना अशी पद्धत सुरू केली. आपल्याकडे १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला आणि १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक अभियंतेही त्यात आले. दोन्हींत एक तत्त्व सारखे आहे. शिकणाऱ्याला त्याच्या कामाचा मोबदला मिळतो. हे महत्त्वाचे आहे. कारण ज्याचे घर हातावर पोट भरते, त्या मुलाला फुकटची उमेदवारी परवडत नाही, आणि मग अनुभव फक्त सुखवस्तूंच्या मुलांना मिळतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रकल्पाच्या नावाखाली विद्यार्थ्याला स्वस्त मजूर म्हणून राबवणारे कारखाने असू शकतात. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच चार ओळींचा करार असावा : अडचण कोणती, मुदत किती, कारखान्यात जबाबदार माणूस कोण, आणि विद्यार्थ्याला काय मिळणार. प्राध्यापकांनीही महिन्यातून एकदा भट्टीपाशी जावे. गुण देताना कारखान्याच्या मेस्त्रीचे मत विचारात घ्यावे.

आई-बापांचेही यात काम आहे. महाविद्यालय निवडताना आपण "पगार किती मिळेल?" हे विचारतो. त्याबरोबर "येथील मुले कोणाच्या अडचणीवर काम करतात?" हेही विचारू या. आपल्या प्रश्नांनी संस्था बदलतात.

येथे बसलेल्यांत लहानमोठे कारखानदार पुष्कळ आहेत. त्यांना एकच विनंती आहे. प्रकल्पांचे विषय वर्षाच्या आरंभी ठरतात. त्याआधी आपल्या कामातल्या तीन अडचणी साध्या मराठीत एका कागदावर लिहाव्यात आणि जवळच्या महाविद्यालयात नेऊन द्याव्यात. तिन्हींची उत्तरे मिळतील असे नाही. पण त्या शोधात चार मुले कामाची होतील, आणि त्यांतले एखादे आपल्याच कारखान्यात राहील.